आकाशाचा उजेड आणि मुलांचे चेहरे

फ्रान्समध्यें १८३९ सालीं छायाचित्रणकला प्रसिद्ध झाली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळीं ओल्या कांचेवर प्रतिमा उमटण्यास कांहीं सेकंद लागत. मूल जरा हललें कीं चेहरा पुसट होई. म्हणून चित्रशाळेस बहुधा कांचेचें छप्पर असे. आकाशाचा उजेड हेंच तिचें खरें भांडवल. १८७१ सालीं मॅडॉक्स यांनीं सुक्या कांचेची वाट दाखविली, आणि पुढें क्षणार्धांत चित्र निघूं लागलें.

मग नवेगांव बांधच्या विद्यार्थ्यास शहरांतील चित्रशाळा कशास हवी? ओसरीची सावली, मागें साधी भिंत, अंधाऱ्या बाजूस धरलेलें पांढरें धोतर आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, एवढ्यानें चेहरा उजळतो. चित्रावांचून गरिबाचें बालपण विस्मृतींत जाऊं नये.