पाळकीय सेवा, ख्रिस्ती
ख्रिस्ती मंडळीत उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आजाऱ्यांच्या आणि शोकग्रस्तांच्या भेटी हे पाळकाचे काम. मराठी मुलखात मात्र या सेवेचा खरा कस भाषेवर लागला. संत नामदेवांच्या परंपरेतला अभंग रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्तीसाठी उचलला. हा धर्मप्रसाराचा नुसता मुलामा, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधीच टिळक मराठी कवी होते, ही भाषा त्यांना उसनी आणावी लागली नाही. शिवाय १९०४ मध्ये पाळकपद मिळालेल्या याच माणसाने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला असा ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गातात.