घसरण : तेलातली आणि रस्त्यावरची

घर्षण शिकवताना आपण एक वाक्य हमखास सांगतो : घर्षण नसते तर आपल्याला चालताच आले नसते. वाक्य खरे आहे. पण त्यातून मुलांच्या मनात नकळत एक समजही रुजतो, की घसरणे म्हणजे बिघाड आणि न घसरणे म्हणजे सारे सुरळीत. यंत्रांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. घसरण टाळण्यापेक्षा ती किती आणि कुठे होऊ द्यायची, हे माणूस जसजसा शिकत गेला तसतशी यंत्रे सुधारली.

याचे एक चांगले उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. वळणावर मागची चाके बाहेर फेकत, पुढची चाके उलट दिशेला वळवून, धूर काढत तिरकी जाणारी स्पोर्ट्स कार त्यांनी चित्रपटात नाहीतर मोबाईलवर पाहिलेली असते. याला ड्रिफ्ट म्हणतात. गाड्यांचा नाद असलेला एखादा मुलगा पुढचा प्रश्नही विचारतो, "क्लच नसलेल्या, ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ड्रिफ्ट करता येते का?" प्रश्न खेळकर वाटला तरी उत्तरासाठी दोन वेगवेगळ्या घसरणींचा इतिहास सांगावा लागतो. एक घसरण गाडीच्या पोटात, तेलात होते. दुसरी टायरखाली, रस्त्यावर होते.

तेलातली घसरण

पहिल्या घसरणीचा जन्म मोटारीत नव्हे, जहाजात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेची टर्बाइन आली. टर्बाइन वेगाने फिरली तरच चांगले काम देते, आणि पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरला तरच उपयोगी पडतो. दोहोंमध्ये एवढी ताकद पेलणारी दातेरी चाके बनवणे त्या काळी फार अवघड होते. श्टेटिन येथील व्हल्कन गोदीत काम करणारे जर्मन अभियंते हर्मान फ्योटिंगर यांनी दाते काढूनच टाकले. टर्बाइनने एक पंप फिरवायचा, पंपाने द्रव जोराने फेकायचा आणि त्या द्रवाने दुसरे पात्यांचे चाक फिरवायचे. १९०५ साली त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकाची पिन सॉकेटमध्ये घाला, दुसऱ्याची काढून ठेवा. पहिला सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतात. दुसरा पंखा हाताने थांबवायची गरज नाही. एवढेच लक्षात आणून द्या, की तो पहिल्याच्या वेगाला कधीच पोहोचत नाही. हा जो फरक उरतो तीच घसरण. ती शून्य केली, दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरू लागली, तर त्यांच्यामध्ये द्रव वाहणार नाही आणि ताकदही पोहोचणार नाही. म्हणजे येथे घसरण हा दोष नाही. तिच्याशिवाय काम होतच नाही.

मोटारीत ही युक्ती पुढे आली. १९३९ साली जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' हा स्वयंचलित गिअरबॉक्स जाहीर केला. त्यात द्रवाची जोडणी होती आणि चार गिअर आपोआप बदलत. क्लचचे पेडल गेले. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला. १९४८ मध्ये ब्यूइकच्या 'डायनाफ्लो'मध्ये पूर्ण टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यात पंप आणि टर्बाइन यांच्यामध्ये तिसरे, स्थिर पात्यांचे चाक असते. ते परत येणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावते, त्यामुळे गाडी निघताना इंजिनाचा पीळ, म्हणजेच टॉर्क, वाढून चाकांपर्यंत जातो.

किंमतही होती. पेडल दाबले की आधी इंजिन गुरगुरायचे, गाडी मागाहून हलायची. घसरणीत वाया गेलेली ऊर्जा तेल तापवायची. म्हणून १९४९ साली पॅकार्ड कंपनीने आपल्या 'अल्ट्रामॅटिक'मध्ये एक आतला क्लच बसवला. गाडीने वेग घेतला की तो दोन्ही चाके एकत्र जखडून टाकी. हवी तेव्हा घसरण, नको तेव्हा कुलूप. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांतही हेच तत्त्व आहे.

टायरखालची घसरण

आता रस्त्यावर येऊ. गाडी वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. हे घर्षणच अभिकेंद्री बल पुरवते. घर्षण गुणांक ०.८ आणि वळणाची त्रिज्या २५ मीटर धरली, तर v² = μgr या सूत्राने कमाल वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर येतो. रस्ता ओला होऊन गुणांक ०.४ वर आला, तर हाच वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर होतो.

मात्र टायर या मर्यादेपर्यंत जराही न घसरता जातो असे नाही. १९२५ च्या सुमारास फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रुलिए यांनी दाखवले, की वळताना रबर वाकते आणि चाकाचे तोंड एका दिशेला, तर प्रवास किंचित वेगळ्या दिशेला असतो. या दोन दिशांमधला कोन म्हणजे घसरकोन. कोन शून्य असेल तर बाजूचे बलही जवळजवळ शून्य. साध्या टायरला काही अंशांच्या कोनात सर्वांत जास्त पकड मिळते. त्यापुढे ती कमी होऊ लागते. तेलात दिसले तेच येथेही दिसते : थोडी घसरण नसेल तर काम नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. टायरची एकूण पकड १०० एकक समजा. ती पुढे ढकलण्यासाठी आणि बाजूला धरण्यासाठी वाटून घ्यावी लागते, पण साध्या वजाबाकीने नव्हे. ६० एकके ढकलण्यात गेली तर बाजूला ८० उरतात, ८० गेली तर ६०, आणि पूर्ण १०० गेली तर बाजूला काहीच उरत नाही. पायथागोरसचा त्रिकोण येथे रस्त्यावर भेटतो. मागच्या चाकांना खूप ताकद दिली की त्यांची बाजूची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर जातो. ड्रिफ्टचे सारे शास्त्र या एका ओळीत आहे.

शर्यतपटूंना हे अंगाने माहीत होते. १९३० च्या दशकात इटलीचे ताझिओ नुव्होलारी चारही चाके थोडी घसरती ठेवून वळण घेण्यासाठी प्रसिद्ध होते. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी तिरकी गाडी घेऊन वळणात शिरत. ते पूर्वी मोटरसायकलचे शर्यतपटू. १९६१ मध्ये विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी. त्यांची शैली पाहून केइची त्सुचिया यांनी घाटरस्त्यांवर सराव केला आणि १९८७ च्या एका ध्वनिचित्रफितीतून ती तरुणांपर्यंत पोहोचली. पुढे तिची स्पर्धा झाली. 'डी-वन ग्रां प्री'मध्ये आधी कोण पोहोचले यापेक्षा गाडीचा मार्ग, कोन आणि वेग यांना गुण मिळतात.

दोन घसरणींची गाठ

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. साध्या गिअरच्या गाडीत चालक क्षणभर क्लच दाबतो, इंजिनाचा वेग वाढवतो आणि क्लच एकदम सोडतो. तो झटका मागची पकड तोडतो. ऑटोमॅटिकमध्ये मध्ये तेल असल्याने असा झटका देता येत नाही. पण टायरला क्लच दिसत नसतो. त्याला फक्त बलांचा हिशेब कळतो. तो दुसऱ्या वाटेनेही चुकवता येतो.

एक वाट वजनाची. १,२०० किलोच्या गाडीत पुढे-मागे ६०० किलो भार आहे असे धरू. चाकांमधले अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर. ०.५g इतका ब्रेक लावला तर एकूण वजनाचा दहावा भाग, म्हणजे १२० किलो, मागून पुढे सरकतो. मागे उरतात ४८०. भार घटला की पकडही घटते. त्याच वेळी सुकाणू वळवले की मागचा भाग निघतो, आणि मग अॅक्सिलरेटरने तो निघालेलाच ठेवता येतो. मात्र गिअर खालचा धरून ठेवावा लागतो. घसरणीच्या मध्येच गिअरबॉक्सने आपणहून वरचा गिअर टाकला तर चाकांवरचा पीळ कमी होतो, पकड अचानक परत येते आणि उलट वळवलेली पुढची चाके गाडीला भलतीकडेच ओढतात. तेलाच्या दिरंगाईमुळे पेडलही थोडे आधी दाबावे लागते.

ऑटोमॅटिक म्हणजे आरामाची गाडी, खेळाची नव्हे, हा समज शर्यतीच्या मैदानावर १९६५ मध्येच खोटा ठरला होता. अमेरिकेचे जिम हॉल यांच्या चापारल गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता. गिअर चालक निवडी, पण क्लचचे पेडल नव्हते. मोकळा झालेला डावा पाय ब्रेकवर ठेवता येई. धो धो पावसात झालेली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत याच गाडीने जिंकली. आणि डिसेंबर २०१७ मध्ये आठ गिअरच्या ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यू एम-५ गाडीने अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात ओल्या वर्तुळावर आठ तास सलग ड्रिफ्ट करत सुमारे ३७४ किलोमीटर अंतर काटले. शेजारी तशीच घसरत चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतून तिच्यात इंधन भरले जात होते. सरासरी वेग काढून पाहा : ताशी सुमारे ४७ किलोमीटर.

शिकणे आणि शिकल्याचा भ्रम

हा वेग मुद्दाम काढायला सांगितला, कारण शिकण्याचे मर्म त्यात आहे. घसरण शिकायची ती बंद मैदानावर, ओल्या जमिनीवर, प्रशिक्षकासोबत. वरच्या सूत्रात गुणांक निम्मा झाला की v² निम्मा होतो. म्हणजे त्याच वळणावर गाडी सुटते तेव्हा तिची गतिज ऊर्जाही निम्मीच असते. चूक परवडते. शिकणारा आधी एका वर्तुळात फिरतो, हळूहळू ताकद वाढवतो, मागचा भाग निघाला की उलट सुकाणू देतो. आधी गाडी गरकन फिरते. कित्येक वेळा फिरल्यावर पायाला मात्रा कळते. त्यासाठी गाडीतली स्थिरता-यंत्रणाही बंद करावी लागते. १९९५ पासून मोटारींत येऊ लागलेली ही यंत्रणा घसरण ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावते. सार्वजनिक रस्त्यावर ती बंद करणे म्हणजे आपला राखणदार घरी पाठवणे.

पण येथेच नॉर्वेचा अनुभव सांगितला पाहिजे. तेथे १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्याचे शिक्षण सक्तीचे झाले. हेतू उत्तम होता. पुढे पाहणी केली तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. कौशल्य थोडे मिळाले, आत्मविश्वास फार मिळाला. घसरलेली गाडी सावरता येते असे वाटू लागले, की माणूस घसरण्याजोगा वेग घेतो.

शिक्षक म्हणून हा धडा आपल्यालाही लागू आहे. सूत्र सांगून आपण मुलांना 'कसे' कळवतो. 'किती' हे सांगायचे राहून गेले, तर ते ज्ञान धोक्याचेही ठरू शकते. म्हणून पंख्यांचा प्रयोग झाल्यावर मुलांना आणखी एक काम द्या. आपल्या गावाजवळच्या एखाद्या वळणाची त्रिज्या अंदाजाने काढायला सांगा आणि कोरड्या व ओल्या रस्त्यासाठी कमाल वेग काढायला लावा. मग विचारा : समोरून एस. टी. येत असेल, वळणावर वाळू सांडलेली असेल, तर यांतला कोणता आकडा तुमच्या उपयोगाचा?

वर्ग थोडा वेळ गप्प होईल. ती शांतता मोडायची घाई करू नये.