बापूकुटी : तेव्हाचा फोटो, आजचा फोटो

शहरातल्या रस्त्यांचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवले की काय बदललं ते लगेच दिसतं. सेवाग्रामात उलट होतं. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी यांना फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश नाही, पोझ नाही, आश्रमाचा पैसा नाही. त्या फोटोंतली बापूकुटी आणि आजची, सारखीच दिसते. तसाच कवेलूंचा उतार, तशाच मातीच्या भिंती.

पण माती काही आपोआप टिकत नाही. भिंती पुन्हापुन्हा लिंपाव्या लागतात, कवेलू फेरावे लागतात. मग ही कुटी तीच का? नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे चाक की आस? तसाच हा प्रश्न. मला वाटतं, घर टिकतं ते सामानानं नाही, सारवणाऱ्या हातांनी.

तरी एक फरक पाहा. जुन्या फोटोंत माणसं कामात आहेत, कोणी लिहितंय, कोणी सूत काततंय. आजच्या फोटोंत आपण चपला काढून नुसते बघत उभे असतो. कुटी राखली, हे चांगलंच झालं. तिथलं काम कुठे चालू आहे, ते मात्र फोटोबाहेर शोधावं लागेल.