'आरसी' म्हणजे काय? कॉम्प्युटर सुरू होताच चालणाऱ्या स्क्रिप्टची गोष्ट

लिनक्स वापरणाऱ्यांनी 'बॅशआरसी' नावाची लपलेली फाइल पाहिली असेल. त्यातल्या 'आरसी'चा गाडीच्या आरसी बुकाशी काही संबंध नाही बरं का. या दोन अक्षरांचं मूळ साठ वर्षं जुनं आहे.

1960च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण टर्मिनल लावून काम करायचे. रोज त्याच त्याच कमांड टाइप कराव्या लागत. तिथे काम करणारे फ्रेंच अभियंते लुई पूझँ यांनी 1963-64च्या सुमारास 'रनकॉम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कमांड एकदा फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, मग मशीन त्या ओळीने चालवणार. 'शेल' हा शब्दही त्यांचाच.

पुढे 1969मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. मशीन चालू होताना जी फाइल आपोआप चालायची, तिचं नाव पडलं 'आरसी'. 'रनकॉम'चंच हे छोटं रूप. सुरुवातीची जी कामं ऑपरेटरला लक्षात ठेवून हाताने करावी लागली असती, ती या फाइलीत आली. म्हणजे माणसाच्या डोक्यातलं कागदावर नाही, थेट मशीनमध्ये उतरलं.

याचं मोल मला आमच्या कळमनुरीत कळलं. इथल्या एका अभ्यासिकेत जुना पीसी आहे. त्यातल्या जुन्या प्रश्नपत्रिका पोरं वाय-फायवरून मोबाइलवर उघडतात. लाइट गेली की पीसी बंद. परत आल्यावर कुठली कमांड द्यायची, हे एकाच दादाला माहीत. दादा नोकरीला पुण्याला गेला, आणि प्रश्नपत्रिका तशाच अडकून पडल्या.

मग आम्ही त्याला फोनवर विचारून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि शेलचा पत्ता. दुसरीत प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरमध्ये जायचं. तिसरी ओळ तारीख-वेळ एका फाइलीत नोंदवते. चौथी ते फोल्डर वाय-फायवर खुलं करते. 'सीएचमॉड' वापरून फाइलला चालायची परवानगी दिली. शेवटी क्रॉनटॅबमध्ये '@रीबूट' लिहून पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता दिला. पूर्ण पत्ता महत्त्वाचा, कारण फाइल कुठे आहे हे क्रॉन शोधत बसत नाही. बायोसमध्येही 'वीज आली की सुरू हो' ही सेटिंग लावली.

2010मध्ये 'सिस्टमडी' आलं आणि बहुतेक लिनक्समध्ये जुन्या आरसी फाइलींचं काम त्याने घेतलं. पद्धत बदलली, पण कल्पना पूझँ यांचीच राहिली.

आता लाइट आली की पीसी स्वतः उठतो, वेळेची नोंद करतो आणि प्रश्नपत्रिका उघडतो. कुणाला फोन करावा लागत नाही. तुमच्याकडेही असं एखादं काम असेल, जे एकट्यालाच येतं. तो गाव सोडायच्या आत ते फाइलीत उतरवून घ्या. भेटू पुढच्या भागात!