बोर्दोची रेड वाइन : जिभेची परीक्षा आणि हृदयाची समजूत



"डॉक्टर, रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर येतो. परवा विचारणारे काका ६२ वर्षांचे होते. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. मुलाने फ्रान्सहून बोर्दोची महागडी बाटली आणली होती. काकांनी आयुष्यात कधी दारू घेतली नव्हती. आता 'औषध म्हणून' सुरू करायचा विचार होता. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

बाटलीवरचं साल

बोर्दो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडचं शहर. आसपासच्या भागात काबर्ने सोव्हिन्यो आणि मर्लो या द्राक्षांपासून तिथली प्रसिद्ध रेड वाइन बनते. बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं खुडली ते वर्ष. यालाच व्हिंटेज म्हणतात. समुद्र जवळ असल्याने हवामान लहरी. ऐन काढणीत पाऊस झाला की रस पातळ होतो, म्हणून एकाच मळ्याची वाइन दरवर्षी वेगळी लागते.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी नामांकित मळ्यांची पाच श्रेणींत यादी केली. तिचा मुख्य आधार होता वर्षानुवर्षांचा बाजारभाव!

मग आलं १९८२. उन्हाळा चांगला तापला, द्राक्षं छान पिकली, पीकही भरपूर आलं. १९८३च्या वसंतात, वाइन अजून पिंपातच असताना, जाणकारांनी ती चाखली. ही फार मऊ आहे, टिकणार नाही, असं काहींचं मत पडलं. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने मात्र आपल्या वार्तापत्रात तिची तोंडभरून स्तुती केली. पुढे त्याचा अंदाज खरा ठरला. त्याचं नाव झालं, आणि वाइनला १००पैकी गुण देण्याची त्याची पद्धत जगभर पसरली.

चव घेताना शरीरात काय होतं?

परीक्षक आधी रंग बघतो. तरुण रेड वाइन जांभळट दिसते. वय वाढेल तशी कडेला विटकरी झाक येते. मग ग्लास फिरवून वास घेतो. आपण जिला 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग खरं तर वासच असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

त्यानंतर एक घोट. तोंड कोरडं पडल्यासारखं होतं, ते टॅनिनमुळे. सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून आलेलं हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. जांभूळ किंवा फार उकळलेला चहा आठवा. आपल्या षड्रसांत त्याला 'तुरट' हे नेमकं नाव आहे. जुन्या वाइनमध्ये हा तुरटपणा मवाळ होतो.

पण ही परीक्षा तरी किती पक्की? २००१ साली बोर्दोच्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. बहुतेकांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनचे शब्द वापरून केलं! डोळ्यांनी नाकाला फसवलं.

मग हृदयाची गोष्ट कुठून आली?

नोव्हेंबर १९९१मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाने विचारलं : फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी कसा? सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने वाइनकडे बोट दाखवलं. अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला. १९९२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा लेखही आला. 'फ्रेंच पॅरडॉक्स' हा शब्द घरोघरी पोचला.

पुढे त्रुटी दिसू लागल्या. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला. थोडी पिणाऱ्यांचं उत्पन्न, आहार, व्यायामही अनेकदा बरा असतो. आणि ज्या रेझव्हेरॅट्रॉलचं एवढं कौतुक झालं, ते वाइनमध्ये इतकं कमी असतं की प्रयोगातल्या मात्रेइतकं मिळवायला ग्लासांवर ग्लास रिचवावे लागतील.

याउलट दारूमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८मध्येच नोंदवलं होतं. २०२३मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. बाटली पाचशेची असो की पाच लाखांची, यकृताला फरक कळत नाही.

तुम्ही काय करावं?

- पीत नसाल तर हृदयासाठी सुरू करू नका.
- पीत असाल तर किती आणि किती वेळा, ते डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही रागावत नाही; औषधं ठरवायला ते लागतं.
- इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर दारूने साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं हे 'चढली' समजून घरचे दुर्लक्ष करतात. जीव तिथेच धोक्यात येतो.
- झोपेच्या गोळ्यांबरोबर दारू कधीही नको.
- रोज पिण्याची सवय असेल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटा.

काकांना शेवटी एक गंमत सांगितली. दिवसभरात डझनावारी वाइन तपासणारे परीक्षक घोट गिळत नाहीत, चाखून थुंकून टाकतात. नाहीतर डोकं आणि जीभ ठिकाणावर राहायची नाही. काका हसले आणि म्हणाले, "मग ती बाटली कपाटातच शोभून दिसेल."

मी म्हटलं, "आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला जा. हृदयासाठी ते औषध पक्कं आहे."