शालेय अनुपस्थिती, आजारपणातील

संसर्गजन्य रोग झालेल्या किंवा शाळेचे काम झेपणार नाही इतक्या आजारी विद्यार्थ्यास काही काळ घरी ठेवण्याची प्रथा. तिच्यामागे दोन भिन्न हेतू असतात : इतर मुलांना लागण होऊ न देणे आणि आजारी मुलाला विश्रांती मिळवून देणे. शाळांच्या नियमांत पहिल्या हेतूलाच प्राधान्य मिळालेले दिसते. दुसरा बहुधा आईच्या निर्णयावर सोडलेला असतो.

महाराष्ट्रात शाळांचे नियम होण्यापूर्वीही देवी, गोवर, कांजिण्या यांसारख्या रोगांत मुलाला वेगळे ठेवीत. अंगावर पुरळ उठले म्हणजे देवीचे आगमन झाले असे मानून दाराला कडुनिंबाचे डहाळे लावीत, पथ्य पाळीत व बाहेरच्यांचा वावर बंद करीत. श्रद्धेचा भाग वगळला, तर हा उपाय विलगनाचाच होय. देवीचा रोग भारतातून नाहीसा झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. गोवर-कांजिण्यांच्या बाबतीत मात्र ही चाल त्यानंतरही टिकून राहिली.

शाळांतील वैद्यकीय तपासणीला बॉस्टन शहरात १८९४ साली, घटसर्पाच्या साथीच्या निमित्ताने चालना मिळाली. भारतात अशी तपासणी प्रथम बडोदे येथे १९०९ मध्ये झाली. या इतिहासातील न्यूयॉर्कचा अनुभव विशेष उद्‌बोधक आहे. तेथे खुपऱ्या, नायटा, उवा अशा कारणांसाठी मुलांना घरी पाठवीत. परंतु घरी उपचार होत नसल्याने ती आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राहत. १९०२ साली लिना रॉजर्स या परिचारिकेची शाळांत नेमणूक झाली. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली व घरोघर जाऊन मातांना उपचार शिकविले. वर्षभरात घरी पाठविलेल्या मुलांची संख्या सुमारे एकदशांशावर आली. नुसते घरी पाठविणे हा उपचार नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

वैद्यकीय नियम थोडक्यात सांगता येतो. ताप, वारंवार उलट्या किंवा जुलाब, तापासह पुरळ, धाप अथवा असाधारण मरगळ असल्यास मुलाला घरी ठेवावे. औषधाशिवाय ताप उतरून एक दिवस लोटल्यावर पाठवावे. साध्या सर्दीसाठी शाळा बुडविण्याचे कारण नसते. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस व कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला वेगळे ठेवतात. तथापि गोवराची लागण पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवसांपासूनच होऊ शकते. म्हणजे रोग ओळखू येतो तेव्हा वर्गाशी संपर्क होऊन गेलेला असतो. या ठिकाणी विलगन अपुरे पडते. खरा आधार लशीचा.

नियम पाळण्यास घरी कोणीतरी असावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगार कारखान्यांकडे जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आश्रयाने शिकतात. तापलेल्या मुलाला घरी ठेवावे की नाही, हा प्रश्न तेथे म्हातारी आजी सोडविते. शिवाय गैरहजेरीची किंमतही असते. १९९५ साली सुरू झालेल्या शालेय पोषण योजनेत आरंभी दरमहा तीन किलो तांदूळ मिळे, त्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट होती. पुढे शाळेत शिजविलेले अन्न देण्यात येऊ लागले. पण घरी राहिलेल्या मुलाचे ताट मात्र चुकतेच. पटावरील हजेरी वाढविणारे उपाय आजारी मुलालाही शाळेकडे ओढतात, याचा विचार योजना आखताना फारसा झाला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील (२०१३) पथके शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. रोजचा निर्णय त्यांच्या कक्षेत येत नाही.

कोविड-१९ च्या साथीत एका मुलाऐवजी सर्वच मुलांना घरी ठेवण्यात आले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची पथके घरोघर लक्षणांची विचारपूस करीत व रुग्णास तत्काळ वेगळे ठेवीत. गाव रोगमुक्त झाल्यावर जून २०२१ मध्ये तेथील शाळेचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले. महिनाभर रुग्ण न आढळलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरविण्यास राज्य शासनाने जुलैमध्ये मुभा दिली. एका बाकावर एक विद्यार्थी व वर्गात १५ ते २० मुले, अशा अटी घातल्या. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी करावी लागली.

डिसेंबर २०२१ च्या अखेरीस पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथील जवाहर नवोदय विद्यालयात पन्नासहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. हे विद्यालय निवासी आहे. अशा शाळांत, तसेच अकोले तालुक्यातील आदिवासी आश्रमशाळांत, ‘घरी ठेवणे’ या शब्दांना अर्थ उरत नाही. मुलाचे अंथरूण इतरांच्या अंथरुणाला लागून असते व पालक दूरच्या वाडीवर असतात. आजाऱ्यांसाठी वेगळी खोली, रात्री ताप पाहणारे माणूस आणि पालकांना वेळेवर निरोप, या तीन गोष्टींची तरतूद तेथे शाळेलाच करावी लागते.