परवाना आणि ठराव

हैदराबादेतील आपल्या अनेक जुन्या घरांत महानगरपालिकेला 'बलदिया' म्हणण्याचा प्रघात आहे. 'बलदा' म्हणजे शहर, आणि बलदिया म्हणजे शहराची संस्था. अर्थ इतका सरळ असला, तरी या शहराच्या संस्थेत शहरवासीयांना स्थान मिळण्यास फार काळ जावा लागला. दुकानाचा परवाना, बाजारातील जागेची फी, घरावरील पट्टी हे विषय वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु ते कोण ठरवितो, या प्रश्नात नागरिकत्वाचे मर्म साठविलेले असते. त्या दृष्टीने आपल्या शहराच्या आणि मराठी मुलखातील दोन गावांच्या इतिहासाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हैदराबादेत नगरप्रशासनाचा आरंभ १८६९ साली झाला. पहिल्या सालारजंगांनी नगर व रस्ते यांचे एक खाते निर्माण केले. शहराचे चार व चादरघाट उपनगराचे पाच विभाग पाडण्यात आले. तोपर्यंत हा सारा कारभार कोतवालाकडे असे. चोर पकडणारा अधिकारी तोच रस्ते झाडून घेणारा अधिकारी, अशी ती व्यवस्था होती. त्या वेळी शहराचे क्षेत्रफळ ५५ चौरस किलोमीटर आणि वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. पुढे १८८६ मध्ये चादरघाटचा कारभार स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविला गेला व तेथे निराळी नगरपालिका उभी राहिली. खाते झाले, अधिकारी आले, वसुली होऊ लागली. निवडून आलेली सभा मात्र नव्हती.

याच सुमारास ब्रिटिश मुलखात वेगळे वारे वाहू लागले होते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८८२ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला आणि त्याला अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा व जिल्हा नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले. निजामी राज्यातही लोकल बोर्डे स्थापन झाली व शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल होऊ लागला. परंतु जिल्ह्याच्या बोर्डावर अव्वल तालुकदार आणि तालुक्याच्या बोर्डावर तहसीलदार अध्यक्ष असत. आणा रयतेचा आणि शब्द अंमलदाराचा, असे त्याचे स्वरूप राहिले.

परवाना वरून येतो. ठराव लोकांमधून निघतो. निजामी राज्याची घडी परवान्याच्या तत्त्वावर बसविलेली होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेले 'गश्ती निशाण ५३' आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येत असे. या परिपत्रकान्वये सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. खासगी शाळा काढण्यासही अशीच इजाजत लागू लागली. परिणाम असा झाला, की हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानात भरूच शकल्या नाहीत. १९२३ साली काकिनाडा, १९२६ साली मुंबई, १९२८ साली पुणे आणि १९३१ साली अकोला अशी त्यांची अधिवेशने झाली. आपल्याच गावाच्या गाऱ्हाण्यांची चर्चा करण्यासाठी माणसांना आगगाडीने परमुलखात जावे लागले! केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांनी शाळा, ग्रंथालये व साहित्यसंस्था यांत आपली शक्ती का वेचली, याचे एक कारण येथे सापडते. जेथे ठराव करता येत नव्हता, तेथे निदान ठराव करू शकणारी पिढी घडविणे हाती होते.

ठरावाचे सामर्थ्य किती असते, हे पाहण्यासाठी क्षणभर पुण्याकडे वळू. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेही लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्तच होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून हा प्रश्न उपस्थित केला. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका पैसा खर्च करते आणि आरोग्याची हानी करणारी दुकाने मात्र शहराच्या मध्यवस्तीत उघडतात. इतर ठिकाणी अशा दुकानांवर कर आहे, तो येथे का नसावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन. १८७८ च्या कायद्याने त्यावरील सरकारची पकड अधिकच घट्ट झाली होती. परवाना देणारे सरकार, परिणाम भोगणारे शहर. त्या शहराच्या वतीने एका सभासदाने लेखी जाब विचारला, आणि तोही सरकारनेच नेमलेल्या सभासदाने, हे विशेष.

तथापि ठराव म्हणजे न्याय, असेही समीकरण मांडता येणार नाही. महाडचे उदाहरण याबाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. सी. के. बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला प्रथमच अर्थ प्राप्त झाला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे या कार्यात बाबासाहेबांच्या बाजूने होते. परंतु ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निर्णय दिला.

एका लहान गावाच्या सभेने केलेली चूक दुरुस्त होण्यास दहा वर्षे लागली. तरीही येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ठराव कोणत्या दिवशी झाला, कोणत्या दिवशी फिरविला गेला, हे इतिवृत्तात लिहिलेले होते. म्हणून त्याला जाब विचारता आला, न्यायालयात आव्हान देता आले. बंद दाराआड नाकारलेल्या परवान्याला असा जाब विचारता येत नाही.

आता पुन्हा आपल्या शहराकडे येऊ. १९३३ साली चादरघाट हैदराबादला जोडले गेले व महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आपला सुलतान बाजार, ब्रिटिशांकडून निजाम सरकारकडे परत आला. १९३४ मध्ये पहिली निवडणूक झाली. परंतु अवघ्या आठ वर्षांत, १९४२ साली, गैरकारभाराच्या कारणास्तव महानगरपालिकेचा कायदाच मागे घेण्यात आला. पोलीस कारवाईनंतर, १९५० च्या कायद्याने हैदराबाद व सिकंदराबाद अशा दोन महानगरपालिका झाल्या आणि १९६० मध्ये त्यांचे एकीकरण झाले.

राजेशाही गेली, म्हणून ठरावाचे युग अखंड सुरू झाले, असे मात्र झाले नाही. १९७० नंतर १९८६ पर्यंत या शहरात महानगरपालिकेची निवडणूक झाली नाही. १९८६ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १९९१ मध्ये संपली, ती पुढची निवडणूक थेट २००२ साली. मध्यंतरी १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे घटनेनेच बंधनकारक केले होते. एप्रिल २००७ मध्ये भोवतालच्या बारा नगरपालिका व आठ ग्रामपंचायती सामावून बृहन्‌हैदराबाद महानगरपालिका स्थापन झाली. तिची पहिली निवडणूक झाली नोव्हेंबर २००९ मध्ये. या सर्व वर्षांत पट्टी वसूल होत होती, परवाने दिले जात होते, फी वाढत होती. चालत नव्हती ती फक्त सभा.

काचीगुडा, सुलतान बाजार, शाहअली बंडा या भागांत आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. संख्येने आपण थोडे, म्हणून नगराच्या कारभाराविषयी काहीशी उदासीनता आपल्यात आली आहे. घरपट्टी वेळेवर भरली, की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत दिसते. परंतु पट्टी तर कोतवालाच्या अमदानीनंतर आलेल्या खात्यालाही लोक भरतच होते. पूर्वजांना अकोल्यापर्यंत जाऊन जे बोलावे लागले, ते आपल्याला आपल्या प्रभागात बोलता येते. सभा नसेल तेव्हा ती भरविण्याची मागणी करणे, आणि सभा असेल तेव्हा तिच्या इतिवृत्तावर नजर ठेवणे, एवढे केले तरी 'बलदिया' या शब्दाचा मूळ अर्थ राखल्यासारखे होईल.